पिकअपच्या हौद्यातून मोठा कुत्रा नेताना

गाडी डबल केबिनची असेल, म्हणजे कॅम्पर, व्ही-क्रॉस, हायलक्स यांपैकी एखादी, तर कुत्रा मागच्या सीटवर बसवा आणि हौदा सामानाला ठेवा. छातीवर रुंद पट्ट्यांचा हार्नेस, त्याची कडी सीटबेल्टला अडकवलेली, सीटवर जुनी सतरंजी, काच चार बोटं खाली. पिकअपमध्ये यापेक्षा सुरक्षित जागा नाही. पुढचं सगळं सिंगल केबिनवाल्यांसाठी आहे. बोलेरो पिकअप, इंट्रा किंवा दोस्त भाड्याने घेतली आहे, दोन जर्मन शेफर्ड पुण्याहून दापोलीच्या बागेवर न्यायचेत, किंवा साठ किलोचा ग्रेट डेन केबिनमध्ये बसवला तर गिअर टाकायला जागा उरत नाही.

हौद्यातून न्यायचा तर पिंजऱ्यातच, आणि पिंजरा गाडीला जखडलेला. ‘आम्ही तर नेहमी मोकळाच नेतो, काही होत नाही’ असं म्हणणारे भेटतील. हिशोब एकदा मांडून बघा. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर ४० किलोच्या कुत्र्याला तेवढ्याच अंतरात थांबवायला साधारण ८०० किलो वजनाइतका जोर लागतो. मोकळा कुत्रा केबिनच्या मागच्या काचेवर तरी जातो, नाही तर रस्त्यावर.

बांधून नेणं त्याहून वाईट. दोरी लांब ठेवली तर कुत्रा फाळक्यावरून, म्हणजे हौद्याच्या कडेच्या आडपत्र्यावरून, उडी मारतो आणि चालत्या गाडीला लटकतो. आखूड ठेवली तर वळणावर पाय घसरताच सगळं अंगाचं वजन मानेवर येतं. मधली ‘बरोबर’ लांबी म्हणून काही नसते. फाळका म्हणजे कुंपण हा समजही सोडा. उभ्या ग्रेट डेनचा खांदा फाळक्याच्या वर असतो, आणि रस्त्याकडेला शेळ्यांचा कळप दिसला की कारवान हाउंडसारखा शिकारी कुत्रा फाळक्याची उंची मोजत बसत नाही. कुत्र्याला धरायला हौद्यात माणूस बसवायचा विचारही नको. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणूस बसवणं नियमात बसत नाही, आणि गाडी आदळली की कुत्रा आणि माणूस दोघंही उडतात.

पिंजरा किती मोठा हवा

कुत्रा सरळ उभा करून चार मापं घ्या. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी. जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची. खांद्याशी सर्वांत रुंद जागा. आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत, कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत उंची. विमानाने कुत्रे पाठवताना जे गणित लावतात तेच इथे लावायचं. पिंजऱ्याची लांबी म्हणजे शरीराची लांबी अधिक कोपराच्या उंचीचा अर्धा भाग. रुंदी म्हणजे खांद्याच्या मापाची दुप्पट. आतली उंची म्हणजे डोक्यापर्यंतची उंची, आणि तळाला मॅट टाकणार असाल तर तिची जाडी वेगळी धरायची. शेफर्डची मापं १००, ३६, २८ आणि ८० सेंटिमीटर आली, तर पिंजरा आतून ११८ लांब, ५६ रुंद, मॅट धरून ८२ उंच.

याहून ऐसपैस करायचा मोह होतो. करू नका. मोठ्या पिंजऱ्यात कुत्र्याला आपटायला जास्त अंतर मिळतं. उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, एवढंच माप हवं.

बाजारातले घडीचे तारेचे पिंजरे घरात बरे. हौद्यात त्यांचे कोपरे पहिल्या शंभर किलोमीटरात खुळखुळे होतात, आणि घाबरलेला रॉटवायलर त्यांचं दार नखांनी वाकवतो. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेला पिंजरा जास्त टिकतो. एक इंची चौकोनी पाइप, १६ गेज. चारही बाजूंना एक इंची चौकोनाची वेल्डमेश जाळी. दोन इंची जाळी घेऊ नका. तिच्यात पंजा जातो, आणि चावायला घेतली तर खालचा जबडा अडकतो. जाळीची कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला यावीत आणि त्यांवर पट्टी मारलेली असावी. तळाला १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या, शिवाय प्रत्येक कडीत गिर्यारोहणाच्या दुकानात मिळतो तसा स्क्रूचा कॅरॅबिनर. कुलूप लावायचं नाही. अपघात झाला आणि चावी ड्रायव्हरच्या खिशात राहिली, तर दार उघडायला कोणी उरत नाही. याच कारणासाठी शक्य असेल तर डाव्या किंवा उजव्या बाजूलाही छोटं दार करून घ्या. गाडी मागून ठोकली गेली तर मागचं दार उघडेलच असं नाही.

दोन कुत्रे असतील तर पिंजरे दोन. घरी एका ताटात खाणारे भाऊसुद्धा घाटात गाडी हलायला लागली की एकमेकांना चावतात. पिंजरे शेजारी ठेवायचे असतील तर मध्ये प्लायची आडभिंत घाला, म्हणजे नजरानजर होत नाही.

हौदा तयार करणं

भाड्याची गाडी असेल तर पहिला प्रश्न: काल यात काय होतं? खत, कीटकनाशकाची पोती, सिमेंट, मासळी, मीठ, यांपैकी काहीही असू शकतं. कुत्रा पंजे चाटतो. फटीत अडकलेले कीटकनाशकाचे चार दाणे त्याला पुरेसे आहेत. सिमेंटची पूड ओली झाली की पंजांची कातडी सोलते. हौदा साबणाने आणि प्रेशरच्या पाण्याने धुऊन वाळवून घ्या, मग हाताने चाचपून खिळे, बाइंडिंग तारेचे तुकडे आणि पत्र्याच्या वर आलेल्या कडा शोधा.

मग मॅट. गोठ्यात गायीखाली टाकतात ती रबरी मॅट यासाठी उत्तम. साधारण साडेसहा फूट बाय चार फूट, १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, तालुक्याच्या कोणत्याही पशुखाद्याच्या दुकानात चौकशी केली तर मिळते. ती हौद्याच्या पत्र्यावर टाकली की तीन कामं होतात. पिंजरा घसरत नाही, पत्र्याची धग वर येत नाही, आणि धक्के थोडे मऊ होतात. उरलेला तुकडा कापून पिंजऱ्याच्या आत टाका. आत गादी किंवा चादर एकटीच टाकली तर ती प्लायवर सरकते आणि कुत्रा प्रवासभर नखं रोवून उभा राहतो. उतरला की पुढचे दोन दिवस लंगडतो. मॅटवर गोधडी, असा क्रम ठेवा. ग्रेट डेन आणि कारवान यांच्या कोपरांवर मांस नसतं, त्यांना गोधडी लागतेच.

पिंजऱ्याची जागा केबिनच्या भिंतीला लागून, लांबी गाडीच्या लांबीला, दार मागे. याला कारण आहे. पिकअपचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) टनभर मालासाठी बनवलेले असतात. रिकामी गाडी खड्ड्यातून उडते, आणि सगळ्यात जास्त उडतो तो मागच्या आसाच्या पलीकडचा भाग. तिथे बसलेल्या कुत्र्याला प्रत्येक स्पीडब्रेकर लाथेसारखा बसतो. केबिनला चिकटलेल्या जागी ती उसळी बरीच कमी असते. टायरच्या हवेकडेही बघा. बरेच ड्रायव्हर बारा महिने भरलेल्या गाडीचीच हवा ठेवतात. कंपनीने रिकाम्या गाडीसाठी मागच्या टायरचा वेगळा आकडा दिला असेल तर तेवढ्यावर आणा, फरक पहिल्याच खड्ड्यात कळतो.

पिंजरा आणि केबिनची भिंत यांच्यात तीन इंच जाडीचे दोन लाकडी ठोकळे घाला, एक डावीकडे, एक उजवीकडे. पिंजरा पुढे सरकायला जागा राहत नाही आणि हवाही खेळती राहते. धडक बसली तर पुढचा भार ही भिंत घेते. पट्ट्यांचं काम वेगळं आहे: पिंजरा उचलला जाऊ नये, वळणावर बाजूला आणि चढावर मागे जाऊ नये.

पट्टे रॅचेटचे, म्हणजे दात्यांच्या कळीने आवळायचे, घ्या, २५ मिलिमीटर रुंदीचे चालतील, ५० चे असतील तर उत्तम. एकूण चार. नायलॉनची दोरी भिजली की ताणते, लवचीक हुकांच्या दोऱ्या तर सायकलच्या कॅरियरपुरत्याच. पट्टा पिंजऱ्याच्या तळाच्या चौकटीतून ओवायचा, छतावरून नाही. छतावरून आवळला की जाळी खाली दबते. प्रत्येक कोपऱ्यातून एक पट्टा, तिरका, हौद्याच्या आतल्या कडीपर्यंत. कडी नसेल तर १२ मिलिमीटरच्या सळईच्या चार कड्या बसवून घ्या, हौद्याखालच्या आडव्या चॅनेलला, खालून जाड पट्टी देऊन, आरपार बोल्टने. नुसत्या पत्र्याला वेल्ड केलेली कडी पत्र्यासकट उपटून येते. बाहेरच्या, ताडपत्रीच्या दोरीसाठी असलेल्या हुकांना पट्टा नेला तर तो फाळक्याच्या कडेवर घासतो. दुसरा इलाजच नसेल तर तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून घाला.

आवळताना पट्ट्याला एक पीळ द्या. सपाट, ताणलेला पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि ‘घूंऽऽ’ असा आवाज करतो. कुत्र्याच्या कानाशी तो तासन्‌तास चालू राहतो, आणि फडफडून रॅचेटही सैल होतो. एका पिळाने आवाज बंद. पट्ट्याचं उरलेलं टोक गाठ मारून आत खोचा. शेवटी पिंजऱ्याला दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. पिंजरा न हलता गाडी हलली पाहिजे. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा बघा. मॅट दबते, पट्टा ताणतो, बहुतेक वेळा रॅचेटचा एखादा दात अजून घ्यावा लागतो.

घरसामान सोबत असेल तर ते आसाच्या वर, वेगळं बांधून. पिंजऱ्याला टेकवून ठेवलेलं कपाट म्हणजे ब्रेक लागल्यावर पिंजऱ्यावर येणारं कपाट.

सावली, वारा आणि धूर

उन्हाळ्यात हौद्यातला कुत्रा धडकेपेक्षा उष्म्याने दगावण्याची भीती मोठी आहे. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांपुरताच, अंग थंड करायचं साधन म्हणजे धापा टाकणं. आजूबाजूची हवाच तापलेली असेल तर त्या धापांचा उपयोग होत नाही.

नुसती काळी ताडपत्री टाकून छत झालं असं समजू नका, तिच्याखाली भट्टी होते. वर पांढरी किंवा चंदेरी ताडपत्री, तिच्याखाली वीतभर पोकळी सोडून ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट. बाजूंना फक्त शेडनेट, म्हणजे हवा येते आणि धूळ-खडी अडते. ताडपत्रीचं प्रत्येक आयलेट (कडेचं कडी बसवलेलं भोक) बांधा. एक कोपरा मोकळा राहिला की तो चाबकासारखा वाजतो.

मागची बाजू पूर्ण उघडी आणि बाकी सगळं बंद, ही रचना सगळ्यात घातक. चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर उलटा हौद्यात ओढला जातो. पुढून, केबिनच्या छताच्या वरून, हवा आत येईल अशी फट ठेवा आणि मागे शेडनेटचा पडदा सोडा. उभ्या गाडीत ढोबळ अंदाज घ्यायची सोपी रीत आहे. इंजिन चालू ठेवून पिंजऱ्याच्या उंचीवर नाक नेऊन दोन मिनिटं थांबा. डोळे चुरचुरले तर कुत्र्याचेही चुरचुरणार. कोंडीत मागे ट्रक चिकटून उभा असेल तर तोच प्रकार, गाडी शक्य तेवढी बाजूला घ्या.

पिंजऱ्यात वायरलेस थर्मामीटरचा सेन्सर लावा आणि डिस्प्ले केबिनमध्ये ठेवा. पिंजऱ्यात ३० अंश दिसले की थांबून सावली शोधायची; सेंट बर्नार्डसारख्या दाट केसांच्या कुत्र्याला २७-२८ लाच. आकडा वाढतोय आणि पुढे अजून दोन तास आहेत, तर प्रवास तिथेच तोडायचा आणि संध्याकाळी पुढे जायचं. मार्च ते मे पहाटे चारला निघून नऊच्या आत पोहोचता येईल एवढाच टप्पा घ्या. फ्रेंच मॅस्टिफ, बॉक्सर, बुलमॅस्टिफ ही आखूड नाकाची मंडळी उन्हाळ्यात हौद्यातून नेऊच नका. एसीची गाडी करा, महाग पडली तरी.

पावसाळ्यात उलट अडचण. ताम्हिणीत किंवा आंबा घाटात पाऊस आडवा येतो, आणि भिजलेल्या कारवानला वारा लागला की तो तासाभरात कुडकुडतो. बाजूच्या शेडनेटवर प्लास्टिक, पुढची केबिनच्या छतावरची हवेची फट मात्र धुरासाठी तशीच, आणि पिंजऱ्याचा तळ मॅटपासून दोन इंच वर राहील अशा फळ्या तळाच्या चौकटीला बोल्टने घट्ट बसवलेल्या. हौद्याची पाणी जायची भोकं उघडी आहेत का, तेही बघा.

आधीचे दहा दिवस

पिंजरा आधीच घरी आणा. पहिले तीन-चार दिवस दार उघडं, जेवण आत. मग दार पाच मिनिटं लावायचं, मग अर्धा तास. त्यानंतर पिंजरा उभ्या गाडीत, नंतर इंजिन चालू करून, मग एक किलोमीटर, मग पाच. हे न करता थेट घाटात नेलेला कुत्रा दात आणि नखं तोडून घेतो. गुंगीचं औषध देऊन हा टप्पा वाचवता येत नाही. गुंगीत रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान राखता येत नाही, आणि उलटी झाली तर ती श्वासनळीत जाऊ शकते. घाटात उलटीचा त्रास होणाऱ्या कुत्र्याला उलटीविरोधी गोळी मिळते, ती डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. माणसांची प्रवासाची गोळी देऊ नका.

चढायला फळी लागते. हौद्याचा तळ जमिनीपासून साधारण ७५ ते ८० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे सहा फुटी फळी ही कमीत कमी. म्हाताऱ्या किंवा खुब्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला आठ फुटी. १८ मिलिमीटर प्लाय, दीड फूट रुंद, वर रबर चिकटवलेलं, दर फुटावर आडवी पट्टी, आणि वरच्या टोकाला हौद्यात अडकेल असा आकडा. वरून उडी मारू देऊ नका. पन्नास किलो वजन पुढच्या दोन पायांवर आदळतं.

निघायचा दिवस

शेवटचं पोटभर जेवण सहा-आठ तास आधी. ग्रेट डेन, शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांना भरल्या पोटी हेलकावे नकोत. पाणी निघेपर्यंत. मग पंधरा मिनिटं फिरवून आणा. प्राण्यांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात सहा तासांनी पाणी द्या असं आहे; ती बाहेरची मर्यादा समजा. दर दोन तासांनी थांबा, थोडं थोडं पाणी, पाच मिनिटं सावलीत चालणं. त्याच नियमांनुसार डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला सोबत हवा. रेबीजच्या लसीची नोंद असलेलं कार्डही फाइलमध्ये असू द्या.

कुत्रे हरवतात ते थांब्यावर, दार उघडताना. क्रम पक्का करा. गाडी बंद. एक माणूस पिंजऱ्याच्या दारापाशी, दुसरा फाळक्यापाशी, फाळका अजून लावलेलाच. दार चार बोटं उघडून हात आत घालायचा, हार्नेसला आणि गळपट्ट्याला दोन्हींना पट्टा लावायचा, पट्ट्याचं टोक मनगटात. मग पिंजऱ्याचं दार पूर्ण उघडायचं, मग फाळका पाडायचा. एरवी हाक मारली की येणारा कुत्राही हायवेवरच्या हॉर्नने बिथरतो. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच. पिंजऱ्यात मात्र गळपट्टा आणि हार्नेस सैल लोंबते नकोत, जाळीत अडकतात.

ड्रायव्हरला दोन गोष्टी आधीच सांगा: सत्तरच्या वर जायचं नाही, आणि घाट उतरताना ब्रेकऐवजी गिअरवर उतरायचं. वळणाआधी वेग कमी, वळणात एकसारखा. माल भरल्यासारखी चालव म्हटलं की त्याला बरोबर कळतं. नेमकी रिकामी पिकअपच हाणली जाते.

धाप थांबेना तर

प्रत्येक थांब्यावर जीभ बघा. नेहमीच्या धापेत जीभ लांब आणि सुटसुटीत असते. उष्मा चढला की ती टोकाला पळीसारखी रुंद होते, कडा वर वळतात, लाळ चिकट तारेसारखी लोंबते, हिरड्या गडद लाल दिसतात. हाक मारल्यावर नजर येत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. गुदद्वारातून घेतलेलं ४० च्या वर गेलं तर दवाखाना शोधायच्या आधी गार करायला लागा. सावलीत आडवा करून पोट, जांघा, पाय आणि पाठीवर साधं पाणी सतत ओता आणि पुठ्ठ्याने वारा घाला. यासाठी वीस लिटरचा जार गाडीत वेगळा ठेवलेला हवा, पिण्याच्या पाण्यात तो मोजायचा नाही. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो दोन मिनिटांत गरम होऊन उष्णता आत कोंडतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. थर्मामीटर ३९.५ वर आला की ओतणं थांबवा, नाही तर तापमान खाली घसरत राहतं. मग दवाखाना, कुत्रा उठून शेपटी हलवायला लागला असला तरी. मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं नुकसान दुसऱ्या दिवशीही समोर येतं. एवढा रस्ता मात्र त्याला केबिनमध्ये घ्या, एसी असेल तर एसी, नसेल तर दोन्ही काचा खाली. सामान आणि बाकीची माणसं मागून येतील.